पंधरा बाइटांची कंजुषी

संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी, म्हणजे 'पाहुण्या', यंत्राची एखादी सूचना प्रोसेसरकडून थेट चालवता आली नाही, की अशी यंत्रं चालवणारा लिनक्सचा भाग, केव्हीएम, तिची नक्कल करतो. नक्कल फसली, की क्यूईएमयूसारख्या वरच्या प्रोग्रामला वर्षानुवर्षे एवढाच निरोप जायचा: अंतर्गत त्रुटी, उपप्रकार 1. कोणती सूचना अडली? ते विचारायचं नाही. नामंजूर अर्जावर कारण न लिहिणाऱ्या कारकुनाचाच हा खाक्या! सूचना पाहुण्याच्या साध्या प्रोग्रामची असेल तर निरोपही नाही. 'अवैध सूचना' म्हणत खापर पाहुण्यावरच.

कुणी म्हणेल, माहिती वाढवली तर जुने प्रोग्राम मोडतील. पण 2021 मध्ये लिनक्स 5.14 ने जुन्याच रचनेतल्या जागेत एक खूण आणि सूचनेचे बाइट बसवले. कोणाचं काही बिघडलं नाही. जागा तरी कितीशी लागणार? एक्स86 प्रोसेसरची सूचना मुळात 15 बाइटांपेक्षा मोठी नसतेच. साध्या प्रोग्रामांच्या अपयशाचा निरोप मात्र आजही आपणहून येत नाही. तो हवा असल्याचं आधी कळवावं लागतं.