परतीच्या तिकिटाचे कारुण्य

दोन-तीन आठवड्यांची रजा काढून, परतीचे तिकीट आधीच काढून ठेवून मायदेशातील गरीब मुलांना शिकवावयास येणारा परदेशस्थ मराठी स्वयंसेवक शिकवण्यापेक्षा निघण्याची तयारी अधिक मन लावून करतो, हे कोल्हापूर परिसरातील ऊसतोड मजुरांच्या कोणत्याही तळावर पाहता येते. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडत असल्याने पुढील विवेचनास अनुभवाचा आधार आहे, तटस्थतेचा नाही.

या निरोपविधीची अंगे ठरलेली असतात. समूहछायाचित्रात स्वयंसेवक मधोमध उकिडवा बसतो आणि सर्वांत शेंबड्या पोराला आवर्जून जवळ ओढतो. भाषणात, आपण शिकवावयास आलो आणि शिकूनच निघालो, हे विधान येतेच, मात्र नेमके काय शिकलो ते कोणी विचारीत नाही. शेवटी नव्या कपड्यांचे वाटप होते, आणि हे कपडे गांधीनगरहून ठोक भावात आणलेले असतात, कारण करुणा कितीही उचंबळली तरी घासाघीस करण्याची सवय सुटत नाही.

गांधीनगरचे नाव निघाल्यावर थोडे वाट सोडून जाणे कोल्हापुरात क्षम्य मानावे. आजची ही कापडपेठ ज्या वळिवड्याच्या माळावर उभी आहे, तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने १९४० पासून पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललेली आणि पुढे इराणमार्गे येथवर पोहोचलेली ही माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांनी शाळा भरवल्या, चर्च उभारले, नाटके बसवली, मुलांची बालवीर पथके काढली, आणि एवढा संसार मांडून झाल्यावर मुले मोठी होऊन निघून गेली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित कुटुंबे आली आणि त्यांनी बाजार वसवला. छावणीत वाढलेल्यांपैकी काही जण २०१९ साली, ऐन म्हातारपणी, कोल्हापूर पाहावयास परत आले. पाच वर्षे राहिलेल्या मुलांना सत्तर वर्षांनंतरही हे गाव आठवत होते, आणि तीन आठवडे राहिलेल्या स्वयंसेवकाची अपेक्षा मात्र अशी, की मुलांनी आपल्याला जन्मभर विसरू नये. असो, कपड्यांचा भाव तेथे खरोखरच चांगला मिळतो.

मूळ विषय असा, की ऊसतोडीच्या मुलांना निरोपाचे शिक्षण कोणी देण्याची गरज नसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ‘कोयते’ निघतात. कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली नवरा-बायकोची जोडी. अशा जोड्यांची टोळी होते, टोळीमागे मुले येतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की सारे परत फिरतात. मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक नावाचा कागद असतो. त्यावर मूल किती शिकले याची नोंद करतात. स्वयंसेवकालाही प्रमाणपत्र मिळते, त्यावर त्याने किती तास शिकवले याची नोंद असते. त्याच्या कागदाची चौकट होऊन दिवाणखान्यात लागते. मुलाचा कागद पुढच्या गावी कोणी पाहीलच अशी खात्री नसते, आणि येथे विनोद करणाऱ्याची लेखणी थोडी अडखळते, कारण दरवर्षी वर्ग अर्धवट सोडणाऱ्या मुलापुढे आपल्या जाण्याचे दुःख करणे हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

तरीही ते केले जातेच. दाटलेल्या कंठाने ‘पुढच्या वर्षी नक्की येईन’ असे आश्वासन प्रस्तुत लेखकाने दिले, तेव्हा धाकट्या भावाला कडेवर सावरत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “पुढल्या साली आमची टोळी कर्नाटकात हाय, सर. तुमी इथं कुनाला शिकवनार?” उत्तराची तिने फारशी वाट पाहिली नाही. “फोटू झाला आसंल तर जाऊ का? पान्याचा टँकर आलाय.”