त्रुटीसाहेब

संशोधन कक्षाच्या उपकुलसचिवांकडे गेलेला कागद पहिल्याच फेरीत मंजूर होऊन परत आला, तर आमच्याकडचा प्राध्यापक घाबरतो. साहेबांच्या नजरेतून काहीतरी निसटलं आणि ते आता लेखापरीक्षणात निघणार, अशी त्याची खात्री होते. अर्थात अशी वेळ सहसा येत नाही. समासात बारीक, सुबक अक्षरात शेरा उमटतोच : ‘देयकावर दिनांक नाही. पूर्तता करून फेरसादर.’ पूर्तता केली की नवा शेरा : ‘दिनांकाची शाई वेगळी दिसते. खुलासा व्हावा.’ जंगलात वनस्पती गोळा करायला गेलेल्या एका बाईंकडे त्यांनी वाटाड्याच्या मजुरीचं जीएसटी बिल मागितलं होतं. तेव्हापासून मंडळी त्यांना आपापसात ‘त्रुटीसाहेब’ म्हणतात. हे त्यांच्या कानावर आहे आणि त्याला त्यांचा आक्षेप नाही. बहुधा तेवढ्या एकाच गोष्टीला नाही.

असा एक माणूस जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात असतो. अशा सगळ्यांना वर्षातून एकदा एका सभागृहात बसवायचं, याला संशोधन प्रशासकांची वार्षिक परिषद म्हणतात. यंदा यजमानपद आमच्याकडे आलं आणि संयोजक झाले साहेब. मला समितीत घेतलं ते ‘प्राध्यापकांचा प्रतिनिधी’ म्हणून. म्हणजे काही चुकलं तर कुणाचं, हे आधीच ठरलं होतं.

ही जमात घडते कशी, तेही सांगायला हवं. अमेरिकेत विद्यापीठांतल्या संशोधन प्रशासकांची ‘एनसीयूआरए’ ही संघटना १९५९ पासून आहे. तिकडे या कामाची स्वतंत्र परीक्षा देता येते, प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडे संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सनं २०१८ मध्ये संशोधन व्यवस्थापनासाठी उपक्रम सुरू केला, पण विद्यापीठांतली जुनी रीत अजून तशीच आहे : माणूस परीक्षा विभागातून बदलीवर येतो. साहेबही तसेच आले. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचं सील तपासण्यात अर्धी नोकरी गेल्यावर संशोधनाचा प्रस्ताव हातात पडला, की माणूस आधी एवढंच बघतो, यात कॉपी कुठे आहे?

तयारीला तारखेपासून सुरुवात झाली. मार्च म्हणताच साहेबांनी नुसती मान हलवली, मार्चमध्ये बिलं. एप्रिलात लेखापरीक्षक. जूनमध्ये प्रवेश. श्रावणात उपास, मग गणपती, मग पितृपक्ष (त्यात उद्घाटनाला कोण उभा राहणार?), मग दिवाळी. डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक विभागाची आपापली परिषद आणि उरल्यासुरल्या दिवसांत नॅक. राहता राहिला फेब्रुवारी; त्यातही १९ ला शिवजयंती आणि आगेमागे महाशिवरात्र. चर्चा पुष्कळ झाली, पण तारीख निघाली ती वजाबाकीनं.

विषय ठरला ‘संशोधन प्रशासनातील सुलभीकरण’. त्यासाठी दोन पानी नोंदणी अर्ज निघाला. विभागप्रमुखांची सही, शिक्का, आणि ‘वरील माहिती असत्य आढळल्यास माझी उपस्थिती रद्द समजावी’ असं हमीपत्र. मी म्हटलं, “साहेब, सुलभीकरणाच्या परिषदेला एवढा अर्ज?” ते म्हणाले, “म्हणून तर दोनच पानं ठेवली.” जून २०२५ मध्ये केंद्र सरकारनं वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले आणि दरपत्रकांशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली, ही बातमी मीच त्यांना उत्साहानं दाखवली होती. त्यांनी ती पूर्ण वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ते केंद्राचं. आपण राज्याचे.”

खरी रंगत आली खर्चाच्या मंजुरीत. साहेबांनी संयोजक या नात्यानं टिपणी तयार केली, खाली ‘मान्यतेस्तव सादर’ लिहून सही ठोकली. नियमाप्रमाणे ती टिपणी उपकुलसचिवांकडे, म्हणजे त्यांच्याकडेच आली. दुसरा कुणी असता तर पेन हातात असतानाच पुढची सही करून मोकळा झाला असता. साहेबांनी टिपणी प्रलंबित कागदांच्या ट्रेमध्ये ठेवली, तिचा नंबर लागेपर्यंत थांबले आणि नंबर लागल्यावर शेरा मारला : ‘चहापानाचा दर प्रतिव्यक्ती की प्रतिकप, स्पष्ट करावे.’

कक्षाचे भाऊसाहेब चक्रावले. “साहेब, तुम्हीच लिहिलंय की हे. मग तुम्हीच सांगा ना.”

“भाऊसाहेब, लिहिलं ते संयोजकानं. विचारतोय उपकुलसचिव. तोंडी खुलासा मी कधी घेतलाय का?”

लेखी खुलासा गेला. त्यात विलंबाबद्दल दिलगिरीही होती. उपकुलसचिवांचं समाधान झालं आणि फाइल वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे सरकली. तिथून ती एकाही शेऱ्याशिवाय परत आली, तेव्हा साहेब दिवसभर उदास होते. “वाचलीच नाही बघा त्यांनी,” एवढंच म्हणाले.

मग नाश्त्याची तीन दरपत्रकं. तीन दरपत्रकं म्हणजे काय असतं, हे सरकारी पैशाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्याच्याकडून घ्यायचं ठरलेलं असतं तोच बाकीची दोन घेऊन येतो. इथेही तसंच झालं. पण वर्षानुवर्षं रसायनांच्या आणि काचसामानाच्या दरपत्रकांतून तावूनसुलाखून निघालेला हा माणूस. तीन वेगळ्या लेटरहेडवर ‘उपमा’ या शब्दावर एकाच जागी अनुस्वार चढलेला त्यांनी पकडला. तिन्ही परत. या विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच खाण्याची तीन खरीखुरी दरपत्रकं आली आणि त्यातलं सर्वात स्वस्त मान्य करणं भाग पडलं. त्या ‘एल-वन’ महाशयांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘शेव, खोबरे व कोथिंबीर यांचा आकार वेगळा.’ बारीक अक्षर साहेबांना दिसणार नाही, असं समजणारा माणूस या जगात अजून आहे, याचंच मला नवल वाटलं. पुरवठा आदेशात पोह्यांचं तपशीलवार वर्णन गेलं, लिंबाच्या फोडीसकट. प्रतिनिधींना द्यायची पिशवी उपभोग्य वस्तू की साठा नोंदवहीत घ्यायची, यावरही एक बैठक झाली. ती मी गाळतो.

परिषदेच्या दिवशी दीपप्रज्वलन, सत्कार, बीजभाषण रीतसर पार पडलं. तिथं कुणी फार ऐकत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष दिल्लीहून आलेल्या, अनुदान देणाऱ्या संस्थेच्या पाहुण्यांवर होतं. २०२३ च्या कायद्यानं एसईआरबी जाऊन तिच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पण एसईआरबीच्या काळातल्या फायली कुठल्याच कपाटातून गेलेल्या नाहीत. पाहुण्यांचं भाषण संपलं आणि खरी परिषद सुरू झाली. प्रत्येकाच्या बगलेत एक फाइल होती. “सर, आमची यूसी पोर्टलवर दिसतेय, पण हप्ता दिसत नाही.” “सर, फॉर्म १२-ए वर सही जुन्या कुलसचिवांची आहे, ते निवृत्त झालेत.” “सर, व्याज भारतकोषात भरलंय, चलन कुठे चढवायचं?” संशोधन अनुदानाला जीएसटी परिषदेनं सप्टेंबर २०२४ मध्ये सूट दिली, तरी जीएसटीचा प्रश्न दोघांनी विचारलाच, सवयीनं. पाहुणे जेवायला गेले, रांग जेवायला गेली. पाहुणे हात धुवायला उठले, रांग बेसिनपर्यंत गेली.

प्राध्यापक मंडळी या रांगेला हसतात. मला त्यांचं हसू पटत नाही. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ती यूसी, वेळेत पोचलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि हप्ता अडला की आधी प्रकल्पातल्या पोराची फेलोशिप थांबते. बेसिनपाशी ओल्या हातांच्या माणसापुढे फाइल धरून उभा असलेला हा गृहस्थ दुसऱ्याच्या संशोधनासाठी उभा असतो. त्या शोधनिबंधावर त्याचं नाव कधीच येणार नसतं.

साहेबांची कसोटी लागली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रवासभत्त्याची देयकं घेताना. दरवर्षी वक्त्यांच्या देयकांत त्यांना सुगीच असते : कुणाचा बोर्डिंग पास नाही, कुणाचा रद्द केलेला धनादेश नाही. पण इथे वक्ते याच जातकुळीतले. प्रत्येकानं तिकीट, बोर्डिंग पास, बँकेचा तपशील आणि पावत्या दोन प्रतींत, पृष्ठांकन करून, वर अनुक्रमणिका लावून दिल्या. साहेब एकेक पान उलटत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या देयकाशी ते थबकले. एका पाहुण्यानं बरोबर पाच हजारांच्या मानधनाच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावलं होतं. स्टॅम्प पाच हजारांच्या वरच्या रकमेला लागतं. साहेबांनी पेन उघडलं आणि समासात लिहिलं : ‘अनावश्यक.’ त्यानंतर संध्याकाळचा चहा त्यांनी हसतमुखानं घेतला.

प्रायोजकांच्या रकमेवर बँकेनं दिलेलं ३७ रुपये व्याज त्यांनी पत्रासह परत केलं. परिषदेचा पूर्ण हिशेब ३१ मार्चच्या आत बंद झाला. विद्यापीठातल्या बाकी सगळ्या परिषदांचे अग्रिम अजून समायोजनाच्या रांगेत आहेत.