स्वहस्ताक्षरातील अर्जासोबत जोडलेले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, निवड समिती

विषय : घड्याळी तासिका तत्त्वावरील शिक्षक पदासाठी हस्तलिखित माहितीपत्रक सादर करण्याबाबत.

संदर्भ : ‘इच्छुकांनी स्वहस्ताक्षरात अर्ज करावा’ ही आपली जाहिरात.

महोदय,

पद किती महिन्यांचे, तासाला किती रुपये, सुटीतल्या महिन्यांचे काय, यातले काहीच आपल्या जाहिरातीत नाही. उमेदवाराने हाताने लिहावे, एवढे मात्र ठळक टाइपात आहे. आपल्या संस्थेला नेमके काय महत्त्वाचे वाटते, ते लगेच कळले.

विहित नमुना कुठेच दिलेला नसल्याने मांडणीसाठी थेट समर्थांना शरण गेले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहते, असे ते सांगतात. आपल्या कार्यालयातले पंचिंग मशीन त्यांनी पाहिलेले नव्हते. म्हणून डावीकडे मी दीड इंच सोडला आहे. माझे जन्मवर्ष भोकात जाणार नाही. कागद ए-फोर, कोरा आणि पाठकोरा. ओळी सरळ याव्यात म्हणून खाली रेघांचा कागद धरला होता. जेल पेन फुटते, म्हणून साधे निळे बॉलपेन वापरले. व्हाइटनर कुठेही नाही. एक काना चुकला तरी सगळे पान पुन्हा लिहिले.

शैक्षणिक पात्रतेचा तक्ता आखताना मात्र घाम फुटला. परीक्षा, मंडळ, वर्ष, गुण, टक्केवारी, श्रेणी असे सहा रकाने. त्यात ‘महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ’ दहावीला एकदा आणि बारावीला पुन्हा, दीड इंचात बसवायचे. संगणकावर रकाना ओढून रुंद करता येतो. इथे मंडळ चार ओळींत उभे केले आहे. कृपया ते पायऱ्या उतरल्यासारखे वाचावे.

वैवाहिक स्थितीही लिहिली आहे, कारण गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. मध्ये पूल म्हणून राजपत्राची प्रत. जपानमध्येही हस्तलिखित माहितीपत्रकाची जुनी परंपरा आहे, पण तिथे कोरे छापील नमुने दुकानात मिळतात. २०२१ मध्ये तिथल्या कामगार मंत्रालयाने जो नमुना सुचवला, त्यात जोडीदाराचा आणि अवलंबितांचा रकानाच ठेवला नाही. परंपरा पाळूनही रकाने कमी करता येतात, एवढेच नम्रपणे कळवते.

साक्षांकित प्रतींचेही तसेच. राज्य सरकारने मार्च २०१५ मध्ये स्वयंसाक्षांकनाचा निर्णय घेतला. सरकारला माझी सही चालते. आपल्याला अजून राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागतो. हस्ताक्षर माझेच हवे आणि सहीवर मात्र विश्वास नाही, हा तिढा माझ्याच्याने सुटला नाही.

सर्वात लांब तक्ता अनुभवाचा आहे. शाळा तीच, विषय तोच, इयत्ता त्याच. तरी दर वर्षाची ओळ वेगळी, कारण नेमणूक दर वर्षी नवी आणि मार्च-एप्रिलमध्ये संपणारी. पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी समर्थांची अपेक्षा आहे. तक्त्याच्या तळाशी ती पूर्ण झालेली नाही. बोटे दुखत होती.

अक्षर पाहायचे, म्हणून हा खटाटोप असेल, तर एक सुचवते. शिक्षकाचे अक्षर फळ्यावर पाहावे. तिथे हात खांद्यापासून चालतो, मागे साठ मुले असतात, आणि शेवटच्या बाकावरच्याला वाचता आले तरच ते अक्षर. बी.एड.ला फलकलेखनाचा सराव उगाच करून घेत नाहीत. रुजू झाल्यावर हजेरी, गुण, विद्यार्थ्यांची माहिती हे सगळे बहुतेक पोर्टलवरच भरावे लागणार आहे. तिथे माझ्या वेलांट्यांचे वळण कोणाला दिसणार?

तरीही या पद्धतीचा एक फायदा मान्य करते. हाताने लिहिलेला शब्द नाकारता येत नाही. जन्मतारखेपासून टक्केवारीपर्यंत आणि ‘वरील माहिती खरी आहे’पासून ‘संस्थेचे सर्व नियम मान्य आहेत’पर्यंत, मी सगळे शाईने लिहून बांधली गेले आहे. ते नियम कोणते, हे आपण अद्याप कुठेच लिहिलेले नाही. ‘वेतन संस्थेच्या नियमानुसार’ म्हणतात, नेमणूक फोनवर कळते, आणि कमी केल्याचे तर शिपायाकडून.

म्हणून एकच विनंती. माझी निवड झालीच, तर आदेश आपण स्वहस्ताक्षरात लिहावा. समास सोडावा, खाडाखोड करू नये. मुदतीच्या दोन्ही तारखा घालाव्यात, आणि तासाचा दर अंकी तसेच अक्षरी लिहून खाली सही करावी. शिक्क्याचा आग्रह नाही. आपली सही मला चालेल.

आपली विश्वासू,
एक अर्जदार

सोबत : साक्षांकित प्रती, राजपत्राची प्रत, आणि आदेश लिहिण्यासाठी एक कोरा कागद.