मुलुंड ते बोरिवली, मार्गे बॉनेट

नकाशात मुलुंड आणि बोरिवली मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात. मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, एवढंच. बिबट्याला ते चालतं. माणसाला मात्र खालून पवईची नाहीतर वरून घोडबंदरची प्रदक्षिणा घालावी लागते. भाचीचा साखरपुडा बोरिवलीत साडेअकराला, म्हणून रविवारी आठलाच आम्ही सहकुटुंब, सपेढा गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली.

गाडी म्हणाली, "टक्."

पुन्हा फिरवली. "टक्."

"काय झालंय हो?" बायकोने विचारलं. गाडीतलं मला काही कळतं, हा समज तिने लग्नाच्या चोविसाव्या वर्षीही जपलाय, याने मला भरून आलं. मी गंभीर चेहऱ्याने उतरलो, मग बॉनेटचा खटका आत असतो हे आठवून परत चढलो.

सोसायटीत बॉनेट उघडणं म्हणजे सर्वसाधारण सभेची नोटीस लावणं. फरक इतकाच, की सभेला गणपूर्ती होत नाही. इथे तिसऱ्या मिनिटाला झाली.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मोटरमन पहिले आले. "आवाज कसा येतोय?" त्या सकाळचा हा एकमेव शहाणा प्रश्न, त्यामुळे त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तळमजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांनी गाडीला थंडी बाधते की उष्णता, ते विचारलं. सीएसाहेबांनी विम्याची मुदत विचारली. चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "चोक ओढा." या गाडीला चोक नाही म्हटल्यावर, ठरत आलेल्या स्थळाला नोकरीच नाही हे कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. "आमची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. रुसली, तर दोन पोरांनी धक्का दिला की निघाली!" २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा आजोबांनी घरात सुतक पाळलं होतं.

धक्क्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसलो. "हूं... हूं..." करत गाडी बी विंगपासून निघाली आणि सोसायटीने स्वखर्चाने बांधलेल्या गतिरोधकाला टेकून थांबली. प्रवासाचा पहिला टप्पा: चाळीस फूट. वेळ: पाऊण तास.

बायको पेढे घेऊन उतरली. "मी लोकलने जाते. घाटकोपरला मेट्रो, अंधेरीला पुन्हा लोकल." २०१४च्या जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा, आता दादरला वळसा नको, म्हणून मी आनंदलो होतो. नवऱ्याविना वेळेवर पोहोचायचीही सोय झाली, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

शेवटी नाक्यावरच्या गॅरेजमधला पोरगा आला. त्याने आधी सगळ्यांना गप्प बसवलं; आमच्या कमिटीला गेल्या दहा वर्षांत ते जमलेलं नाही. मग म्हणाला, "काका, सेल्फ मारा."

"टक्."

"झालं. बॅटरी उतरलीय."

त्याचं शास्त्र सोपं होतं. गाडी साफ मुकी राहिली, तर कुठेतरी वायर नाहीतर टर्मिनल सुटलंय. सेल्फ घरघर फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर पेट्रोल पोहोचत नाही किंवा स्पार्क पडत नाही. आणि नुसतं टक् वाजलं, तर सेल्फला उठायची इच्छा आहे, अंगात त्राण नाही. त्याने मीटर लावला: १०.९. भरलेल्या बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकी २.१ व्होल्ट, म्हणजे १२.६ हवेत.

"मी हेच विचारत होतो," मोटरमन म्हणाले.

"बॅटरी तर नवी आहे!" मी आवाज चढवला. पोरगा काही बोलला नाही. त्याने दारातून आत वाकून छतातला दिवा खट्कन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.

बुधवारी रात्री मी गाडीत चष्मा शोधायला आलो होतो. तो सापडला नाही, त्यामुळे दिवा चालू राहिलेला दिसला नाही.

पोरग्याने सभेला एवढंच सांगितलं, "बॅटरी वीक होती." सीएसाहेबांच्या गाडीला जम्पर वायर जोडून त्याने माझी गाडी चालू केली आणि चारशे रुपये घेतले. दोनशे जम्परचे, उरलेले कसले, ते आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. "तासभर इंजिन बंद करू नका, काका."

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर भरपूर वेळ मिळाला, म्हणून हिशेब केला. पाच वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तासाला सुमारे ०.४२ अँपिअर-तास खातो. चौऱ्याऐंशी तासांत पस्तीस. माझी बॅटरी बरोबर तेवढीच होती. आयुष्यात एवढं अचूक काम मी दुसरं केलेलं नाही.

बोरिवलीला पोहोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. इंजिन बंद करायचा धीर मात्र होईना. हॉलसमोर घरघरत बसून राहिलो. बायको ताट घेऊन खिडकीशी आली.

"तास केव्हाच झाला. बंद करा की."

"बॅटरी वीक आहे," मी म्हणालो.

तिने ताट आत दिलं आणि हळूच वर, छताकडे पाहिलं.

"बुधवारचा चष्मा मिळाला का हो?"

मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली.