कुठपर्यंत आलास?

कादंबरी सुचवणारा माणूस लगेच ओळखू येतो. तो पुस्तक देतो, पण सोडत नाही. एक बाजू आपल्या हातात, दुसरी त्याच्या, आणि तेवढ्यात तो सांगून घेतो, "पहिली पन्नास पानं नेट लावून वाच, मग बघ." चार दिवसांनी त्याचा फोन येतो. तब्येतीची चौकशी होते, पावसाची होते, आणि मग मूळ मुद्दा येतो : "कुठपर्यंत आलास?" उसने पैसे देणाराही इतका तगादा लावत नाही. त्याला निदान एक तारीख सांगता येते.

आपल्याकडे न विचारता सुचवली जाणारी कादंबरी म्हणजे 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 साली आली आणि तेव्हापासून मुंजीत, दहावीच्या निकालाला, सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात ती माणसांच्या हाती पडते आहे. लग्न जमवायच्या बैठकीत मुलाने आवडती कादंबरी म्हणून हिचं नाव घेतलं, तर मुलीकडच्यांना फार आनंद होत नाही आणि काळजीही वाटत नाही. कर्णासाठी हळहळणारा जावई बहुधा निरुपद्रवी असतो. शिवाय या कादंबरीवर बोलायची मोठी सोय आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहाजण आळीपाळीने आपापली बाजू सांगतात, त्यामुळे ज्याने एकच प्रकरण वाचलं आहे त्यालाही "मला शोणाचा भाग जास्त भावला" असं म्हणून वेळ मारून नेता येते.

मला विचाराल तर सुचवायला बारीक पुस्तकं बरी. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939) किंवा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955). मैत्री विटायच्या आत संपतात. 'रणांगण' मी एकदा ऑफिसातल्या एका मित्राला दिली. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर मायदेशी परतणारा चक्रधर, आणि देश हिरावला गेलेली ज्यू मुलगी हॅर्टा. त्याने ती एका रात्रीत संपवली. सकाळी डबा उघडताना तो गंभीर होता. मला वाटलं, लागलेली दिसते. थोड्या वेळाने म्हणाला, "तिच्या व्हिसाचं काहीतरी बघता आलं असतं रे." मी आधी वैतागलो, मग वाटलं की याने कादंबरी अगदी नीट वाचली आहे. कागद नसलेल्या माणसांना कुठलंच बंदर उतरवून घेत नाही, हेच तर बेडेकर सांगत होते. आमच्या मित्राने ते आस्थापना विभागाच्या भाषेत सांगितलं, एवढंच.

या बाबतीत ग्रंथालयाची रीत मला जास्त सभ्य वाटते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. आमच्या भागातलं वाचनालय इतकं जुनं नाही, पण त्याची कपाटं तसं भासवतात. तिथे पुस्तकाची शिफारस करते ती शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. शिक्क्यांवर शिक्के पडून चिठ्ठी काळी झाली असेल तर पुस्तक डोळे मिटून न्यावं, आणि अनेक वर्षांत एकच शिक्का असेल तर जरा जास्तच उत्सुकतेने न्यावं. शिवाय समासात पेन्सिलीने चाललेली चर्चा असते. कोणीतरी 'अप्रतिम!' लिहितो, खाली दुसऱ्या अक्षरात 'यात अप्रतिम काय?', आणि त्याखाली, सावकाश, बहुधा एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या हातचं, 'कृपया पुस्तकात लिहू नये.' बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या जितक्या मी वाचनालयातून आणल्या, त्यांतल्या निम्म्याअधिकांत गुन्हेगाराच्या नावाभोवती आधीच गोल काढलेला होता. शिफारशीचा हा प्रकार मात्र मला मान्य नाही.

काउंटरवरच्या बाई तर काहीच सुचवत नाहीत. मागचं पुस्तक परत घेताना फक्त विचारतात, "संपलं, की नुसतंच आणलंत?" उत्तर ऐकून उठतात आणि आतून काहीतरी घेऊन येतात. त्यांचा नेम सहसा चुकत नाही, कारण त्यांना स्वतःची आवड आपल्या गळ्यात मारायची नसते. आम्हा बाकीच्यांचं तसं नसतं.

खांडेकरांची 'ययाति' 1959 सालची. पुढे 1974 चा ज्ञानपीठ मराठीत पहिल्यांदा आला तो त्यांच्यामुळे. म्हाताऱ्या बापाने मुलाकडे तारुण्य मागितल्याची ती महाभारतातली गोष्ट आपल्याला ठाऊकच असते. पण ती फक्त कामवासनेची गोष्ट आहे असं मला हल्ली वाटत नाही. पन्नाशीतला माणूस एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात आवडती कादंबरी ठेवतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसतो, तेव्हा तो दुसरं काय मागत असतो? त्याला ते पुस्तक पुन्हा पहिल्यांदा वाचायचं असतं. ते त्याच्या हातून आता होण्यासारखं नाही, म्हणून हा पुरू गाठलेला. पुरू बिचारा मोबाइल खिशात ठेवून "वाचतो ना काका" म्हणतो.

माझ्या वाट्याला पुरूच्या जागी भाची आली. बारावीनंतर ती जळगावहून पुण्याला शिकायला आली आणि वसतिगृहात राहू लागली. खानदेशातून पुण्यात, त्यात वसतिगृह! आता हिला 'कोसला' द्यायची नाही तर कोणाला? 1963 साली नेमाड्यांनी हे पुस्तक जणू हिच्याचसाठी लिहून ठेवलं होतं. मी फोनवर अर्धा तास पांडुरंग सांगवीकरावर बोललो. माझ्या खोलीवरच्या मित्राने ती वाचल्यावर तो महिनाभर प्रत्येक वाक्यामागे 'वगैरे' लावत हिंडायचा, हेही सांगितलं. सगळं शांतपणे ऐकून तिने विचारलं, "मामा, पीडीएफ आहे का?"

मी पुस्तकच नेऊन दिलं. अर्थात लगेच सोडलं नाही. पुढचे काही आठवडे मी पावसाची चौकशी करत राहिलो. मग एका रविवारी ती जेवायला आली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पुरणपोळीवर तूप घेत म्हणाली, "मनीचं वाचून खूप रडले. पण बाकी तुझ्या पांडुरंगाचं कठीण आहे हं. याला कोणी कधी भांडी घासायला लावली नाहीत का?"

मी नेमाड्यांची बाजू घेतली. त्या काळातला तरुण, त्याचं एकाकीपण, शिक्षणाचा पोकळपणा, असं बरंच बोललो. बायको मध्येच उठून कुकर बघायला गेली. भाची म्हणाली, "तू शेवटची कधी वाचलीस?"

त्याच रात्री उघडली. एकोणिसाव्या वर्षी मी हे पुस्तक पांडुरंगाच्या वडिलांवर दात ओठ खात वाचलं होतं. व्यवहारी, हिशेबी, मुलाला काडीचं न समजणारा बाप! आता चष्मा लावून वाचत गेलो. पोरगं पुण्यात पैसे उडवतंय, परीक्षेचा पत्ता नाही, आणि तो माणूस गावाकडून पैसे पाठवतोच आहे. एका जागी तर मी चक्क पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं, 'बरोबर आहे त्यांचं.'

सकाळी भाचीचा मेसेज आला होता : कुठपर्यंत आलास?

अजून उत्तर दिलेलं नाही. ती पुस्तक परत मागेल, त्याआधी ते वाक्य खोडून टाकायला हवं.