काका, नाणं कुठंय?

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या मराठी घरांत गेल्यावर कुठे काय विचारायचं, हे ठरून गेलेलं आहे. कुणाकडे गुडघ्यांची चौकशी करायची, कुणाकडे मुलाच्या नोकरीची. काकांकडे गेलं की नाण्याची. “काका, सध्या कुठंय?” एवढं म्हटलं की पुढच्या तासाची निश्चिंती. काकू उठून कुकर लावायला जातात.

हे नाणं खर्चायचं नसतं, फिरवायचं असतं. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी झाडाच्या ढोलीत, पुलाखाली एक डबा लपवतं आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवायचा. मे 2000 मध्ये अमेरिकेनं सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधल्या एका गृहस्थानं जंगलात बादली पुरून ठेवली. म्हणजे उपग्रह नीट चालायला लागल्यावर माणसाला पहिलं काय सुचलं, तर लपाछपी. या डब्यांतून अशी नाणीही फिरतात. प्रत्येकावर वेगळा नंबर कोरलेला. ज्याला सापडेल त्यानं उचलून पुढच्या डब्यात टाकायचं आणि तशी नोंद करायची, की मालकाला घरबसल्या पत्ता लागतो.

काकांच्या नाण्यावर क्रुसेड, म्हणजे धर्मयुद्धं, लढणाऱ्या टेम्प्लर सरदारांची जुनी मुद्रा आहे : एकाच घोड्यावर दोन नाइट. पाठीमागे लाल क्रूस. काकूंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, “अगंबाई, डबलसीट!” काकांना ते लागलं. हा पंथ 1119 च्या सुमारास जेरुसलेममध्ये कसा निघाला, तिथून त्यांनी सांगायला घेतलं. पाहुण्यांना काका या पंथाचं टेम्पल चर्च दाखवायला नेतात. तिथल्या फरशीवर दगडी सरदार उताणे पहुडलेत, त्यांच्याकडे बोट दाखवून खालच्या आवाजात “आपली माणसं” म्हणतात. काकांचं आडनाव, गोत्र आणि कोकणातलं मूळ गाव मला माहीत आहे, म्हणून मी गप्प बसतो.

जाणत्यांनी सल्ला दिला होता की अस्सल नाणं घरी ठेवा, डब्यात नंबर लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड टाका; नाणी ढापणारे फार. काका उसळले. “सरदार घरात आणि बाजारबुणगे मोहिमेवर? जमायचं नाही.” मोहीम अर्थातच जेरुसलेमची : नाणं डब्याडब्यांतून तिथवर पोचवायचं.

राइस्लिपच्या जंगलात नाणं ठेवायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. पडलेल्या ओंडक्याखालून त्यांनी जेवणाचा असतो तसला प्लास्टिकचा डबा ओढला. आत ओलसर वही, शार्पनर, एक पाय नसलेला डायनोसॉर. काकांनी रुमालातून नाणं काढलं, पुसलं, डायनोसॉर बाजूला सारला आणि नाणं मधोमध ठेवलं. तेवढ्यात कुत्रं घेऊन एक बाई आल्या. खेळात नसलेल्यांना हे लोक हॅरी पॉटरमधला शब्द उचलून ‘मगल’ म्हणतात, आणि मगलांसमोर डबा उघडा पडू द्यायचा नसतो. काका झटकन वाकून बुटाची नाडी बांधू लागले. बुटाला नाडी नव्हती. बाई “गुड मॉर्निंग” म्हणून मुकाट्यानं गेल्या. कुत्रं मात्र बराच वेळ मागे वळून बघत होतं.

त्यानंतर नाणं गेलं लिस्बनला. मला वाटलं, काका हिरमुसतील. पण नाही. “अरे, 1147 साली हेच झालं! क्रुसेडर निघाले होते पवित्र भूमीला, वाटेत लिस्बन जिंकत बसले.” लिस्बनहून कुणी ते नॉर्वेला नेलं. नकाशावर थेट उलटी दिशा. काका म्हणाले, “सिगुर्ड राजा 1107 मध्ये नॉर्वेहूनच निघाला होता की!” वाट चुकण्याच्या बाबतीत क्रुसेडचा इतिहास एवढा श्रीमंत आहे की काकांना हरवणं अशक्य. अगदीच काही नाही तर चौथं क्रुसेड हाताशी असतंच. निघाले जेरुसलेमला आणि 1204 मध्ये लुटलं काय, तर आपल्याच धर्मबांधवांचं कॉन्स्टँटिनोपल. 1099 मध्ये खुद्द जेरुसलेमला पोचल्यावर यांनी तिथे काय कत्तल केली, ते पान मात्र काका जरा घाईनं उलटतात.

मग नाणं व्हिएन्नात एकाच्या खिशात अडकलं. शिष्टाचार असा की थोड्या दिवसांत पुढे सोडावं. हा पठ्ठ्या ढिम्म. काका त्याला निरोप पाठवत : आधी आपल्या सुंदर शहराबद्दल दोन वाक्यं, मग हवामान, मग “सवडीनं, पण”. स्वतःचा चष्मा कुठंय ते काकांना माहीत नसतं, पण व्हिएन्नात पाऊस आहे का ते विचारा. तरी अभिमान होताच. “सिंहहृदयी रिचर्डला 1192 मध्ये व्हिएन्नाजवळच पकडलं होतं. अख्ख्या इंग्लंडनं खंडणी भरली तेव्हा सुटला.”

“याला काय हवंय ते विचारा,” काकू म्हणाल्या, “चकल्या पाठवू.”

शेवटी सुटलं, ते एकदम ऑस्ट्रेलियात, पर्थला. आता मात्र काका गप्प झाले. तिकडे कुठलं क्रुसेड गेलेलं नव्हतं. रविवारी मी मुद्दामच विचारलं, “काका, नाणं कुठंय?”

“पर्थला ॲम्ब्युलन्स बोलावली तर कुणाची येते?” काकांनी उलट विचारलं. “सेंट जॉनची! तिच्यावर आठ टोकांचा क्रूस असतो, तो कुणाचा? हॉस्पिटलर नाइट्सचा, तेही क्रुसेडरच! आपलीच माणसं आधीच पोचलीत तिथे.”

काकू कुकरची शिटी काढता काढता म्हणाल्या, “दादरच्या शाळेत मी सेंट जॉनचा फर्स्ट एडचा कोर्स केला होता. मुलींमध्ये पहिली आले होते.”

काकांनी फोन खाली ठेवला. चष्मा नसतानाही काकूंकडे निरखून बघितलं आणि विचारलं, “सर्टिफिकेट आहे का गं अजून?”