मध्यरात्रीचे वतन

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे दुर्दैवाने काही बरेवाईट झाले तर त्याच्या जागी कोणी बसावे, त्याच्यावरही तोच प्रसंग गुदरला तर मग कोणी, याचा क्रम त्या देशाने १९४७ च्या एका कायद्याने आखून ठेवला असून आज ती यादी अठरा अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचते. आणि इतक्या दूरदर्शी राष्ट्राने, रात्री साडेअकराच्या पुढे दूरचित्रवाणीवर टेबलामागे बसून सकल जगाची थट्टा करणाऱ्या गृहस्थाच्या वारसाची मात्र कसलीच तरतूद करून ठेवू नये, ही गोष्ट प्रथमदर्शनी मोठी विसंगत वाटते. मला आता वाटते की ही उणीव हेतुपुरस्सर ठेवलेली असावी. तीही तरतूद झाली असती, तर आमच्यासारख्यांनी शनिवारी संध्याकाळी भांडायचे तरी कशावरून?

आम्ही म्हणजे सत्तरीच्या दशकात येऊन न्यू जर्सीतील एडिसनच्या आसपास स्थिरावलेले काही महाराष्ट्रीय गृहस्थ. आमच्यापैकी बहुतेकांना अमेरिकेची ओळख विमानतळावरच्या अंमलदाराने नव्हे, तर जॉनी कार्सनने करून दिली. १ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याने 'द टुनाइट शो'ची सूत्रे हाती घेतली ती २२ मे १९९२ पर्यंत खाली ठेवली नाहीत. तेवढ्या अवधीत केनेडींपासून थोरल्या बुशपर्यंत सात राष्ट्राध्यक्ष होऊन गेले आणि त्या प्रत्येकाची त्याने सारख्याच सौजन्याने टिंगल केली. एड मॅकमॅनने भालदाराच्या थाटात त्याचे नाव लांबवून पुकारावे, रंगीबेरंगी पडद्यातून याने बाहेर यावे, दहा विनोद सांगावेत, त्यांतला एखादा सपशेल पडला तर अशी काही चर्या करावी की पडलेल्या विनोदाला चढलेल्यापेक्षा अधिक हशा यावा, आणि शेवटी हातात नसलेल्या काठीने नसलेला गोल्फचा चेंडू टोलवून जाहिरातींना वाट करून द्यावी, हा विधी आम्ही इतक्या निष्ठेने पाहत असू की विनोदाचा अर्थ दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या सहकाऱ्याला विचारून घेण्यातही आम्हांला कमीपणा वाटत नसे. अर्थ कळल्यावर हसू येई, पण तोवर दुपारचे दोन वाजलेले असत.

कार्सनने १९९१ च्या मे महिन्यात निवृत्तीचा मनोदय जाहीर केला आणि आमच्या मंडळींत पहिला वारसातंटा उभा राहिला. १९८७ पासून जे लेनो हा त्याचा कायम मुतालिक होता. धनी रजेवर गेला की टेबलामागे बसायचा अधिकार त्याचा. दुसरीकडे डेव्हिड लेटरमन हा १९८२ पासून कार्सनच्याच एनबीसी वाहिनीवर, त्याच्या लगोलग पाठीमागे, साडेबारा वाजता आपला खेळ मांडीत होता आणि गादी आपल्याकडे येणार असे धरून चालला होता. मुतालिकाने गादी पटकावल्याची उदाहरणे इतिहासात विपुल आहेत, तरी एनबीसीचे कारभारी दूरध्वनीवरून खलबत करीत असता शेजारच्या कोठीच्या खोलीत लपून ते सगळे ऐकणारा मुतालिक लेनोच्या आधी मला तरी ठाऊक नाही. गादी लेनोला मिळाली. लेटरमन सीबीएस या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे गेला आणि ३० ऑगस्ट १९९३ पासून ब्रॉडवेवरील एड सलिव्हन थिएटरात त्याने साडेअकराचाच मुहूर्त धरून 'द लेट शो' ही स्वतंत्र दौलत स्थापन केली. आमचे घराणेही त्या दिवशी फुटले ते आजतागायत सांधलेले नाही. दोन लेनोपक्षीय कुटुंबांशी आमचा व्यवहार केवळ हळदीकुंकवापुरता उरला.

लेनोने पुढे २००९ मध्ये कोनन ओब्रायनच्या हाती गादी सोपवली आणि सात महिन्यांत ती परत घेतली, त्या प्रकरणावर मी फार लिहीत नाही. काशीयात्रेला म्हणून वाजतगाजत निघालेल्या आजोबांनी मनमाडहूनच परतून सुनेकडून तिजोरीच्या किल्ल्या मागून घ्याव्यात, असे ते झाले, आणि बिचाऱ्या कोननसाठी तरुण पोरे भर पावसात रस्त्यावर घोषणा देत उभी राहिली.

आमचा माणूस लेटरमन. तो इंडियानापोलिसचा, तिथे एका केंद्रावर हवामान सांगत असे, आणि एका सागरी वादळाला चक्रीवादळाचा दर्जा मिळाला तेव्हा त्याने त्या वादळाचे बढतीबद्दल जाहीर अभिनंदन केले होते. सरकारी बढत्यांची वाट पाहण्यात ज्यांच्या वडिलांची हयात गेली, त्यांना असा माणूस एकदम घरचा वाटावा हे स्वाभाविक होते. पाच मजली इमारतीवरून कलिंगडे खाली सोडणे, वेल्क्रोचा पोशाख घालून भिंतीवर उडी मारणे व तिथेच चिकटून राहणे, रोज रात्री कोणत्या तरी क्षुल्लक विषयावरची दहा कलमी यादी गंभीर मुद्रेने वाचणे, असली निरर्थक कामे तो अशा कर्तव्यबुद्धीने करी की ती निरर्थक आहेत हे आम्हांला सांगावे लागे. आणि त्याने थिएटराशेजारच्या भेटवस्तूंच्या दुकानातील दोन बांगलादेशी विक्रेत्यांना पडद्यावर आणून आख्ख्या अमेरिकेत प्रसिद्ध केले, तेव्हा तर आमच्यापैकी अत्यंत कट्टर माणसांनीही त्या दोघांना बेधडक आपले म्हटले. फाळणीचा मुद्दा कोणीच काढला नाही.

हा लेटरमन ३ एप्रिल २०१४ च्या गुरुवारी, पुढल्या वर्षी आपण निवृत्त होणार, असे सांगून मोकळा झाला. पंचांगातला पाडवा त्या सोमवारी होऊन गेला होता. परंतु अमेरिकेतला पाडवा तिथीवर येत नाही, शाळेचे सभागृह रिकामे असेल त्या शनिवारी येतो, आणि त्याप्रमाणे तो ५ तारखेला आला. व्यासपीठावर नाट्यगीते चालली होती. आम्ही मागच्या व्हरांड्यात, श्रीखंडाच्या पातेल्यांवर देखरेख करण्याच्या निमित्ताने, वारस ठरवायला बसलो.

आमच्यातले दंतवैद्य ओब्रायनच्या बाजूचे. त्यांचा मुद्दा न्यायाचा होता: एकाच्या अन्यायाची भरपाई दुसऱ्याने करावी. सातारकर वकिलांनी जॉन स्टुअर्टचे नाव सुचवले आणि आमचे नागपूरकर स्नेही स्टीफन कोल्बेरवर घसरले. "तो नऊ वर्षं एका अहंमन्य पंडिताचं सोंग करतो आहे," ते म्हणाले. "सोंग उतरल्यावर आत माणूस निघेल, याची हमी तुम्ही देता का?" कोल्बेरची शिफारस कोणीच केलेली नव्हती, तरी दंतवैद्यांनी ती हमी तत्क्षणी दिली, कारण नागपूरकरांना विरोध करणे हे त्यांना ओब्रायनपेक्षाही प्रिय होते. कोणी टिना फे म्हणाले, कोणी ख्रिस रॉक. प्रत्येक नावाला एकच आक्षेप येई: हा फार गोड बोलतो, हा पाहुण्यांची फारच स्तुती करतो, याला रुसता येत नाही. लेटरमनमध्ये ज्या गोष्टींना आम्ही तीस वर्षे दोष म्हणत आलो, त्याचे ते अकारण वैतागणे, कंटाळवाण्या नटीला कंटाळल्याचे दिसू देणे, तेच सगळे दोष वारसात अंगभूत असावेत असा आमचा आग्रह होता. असा उमेदवार एकच होता आणि त्याने नुकताच राजीनामा दिला होता.

या वादात नागपूरकरांच्या पत्नी पुऱ्यांची परात घेऊन आल्या. वहिनी रुग्णालयात परिचारिका. दुपारची पाळी संपवून त्या घरी येत तेव्हा साडेअकरा वाजलेले असत, आणि वर्षानुवर्षे जेवणाचे ताट मांडीवर घेऊन त्या लेटरमन आणि त्याच्या पाठोपाठचा क्रेग फर्ग्युसन असे दोन्ही कार्यक्रम पाहत आल्या होत्या. त्यांना कोणी मत विचारले नव्हते. वकिलांनी केवळ शिष्टाचार म्हणून विचारले.

"फर्ग्युसन," वहिनी म्हणाल्या. "स्कॉटलंडचा तो. पाहुणा येऊन बसला की प्रश्नांचे कागद टराटरा फाडून टाकतो आणि मग नुसत्या गप्पा मारतो. सोबतीला एक बोलका सांगाडा आहे आणि घोड्याचं सोंग घेतलेली दोन माणसं."

"घोडा?" वकिलांनी विचारले.

"तुम्ही पाहिला नाहीत का, भाऊजी?"

तेव्हा जे उघड झाले ते लिहिताना मला संकोच वाटतो. फर्ग्युसनचा घोडा आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता, कारण त्या घोड्याची वेळ साडेबाराच्या पुढची. पण अधिक चौकशीअंती असे निष्पन्न झाले की लेटरमनसुद्धा आम्ही अलीकडे पाहिलेला नव्हता. दंतवैद्य दहाला झोपत. वकिलांना रक्तदाबाची गोळी साडेनऊला. नागपूरकर खुर्चीत बसून पाहत असल्याचे सांगत, परंतु वहिनींची साक्ष अशी पडली की रोज घरी आल्यावर त्या आधी त्यांच्या मांडीवरचा दूरनियंत्रक काढून घेतात आणि मग कार्यक्रम लावतात. ज्या माणसाला गमावण्याच्या कल्पनेने आम्ही व्हरांड्यात एवढे विव्हळ झालो होतो, तो कित्येक वर्षे आमच्या घोरण्यालाच उद्देशून बोलत होता. आणि तरी आमचा शोक खरा होता. रात्री जागे होऊन पाण्याला उठावे, तर तिकडे कुठे तरी तो टेबलामागे बसलेला आहे, ही खात्री आम्हांला पुरत होती; पाहण्याचे काम वहिनींनी केले होते.

उरलेली चर्चा पुढच्या शनिवारी, १२ तारखेला करण्याचे ठरले. तो लेटरमनचा सदुसष्टावा वाढदिवस होता हा निव्वळ योगायोग. सीबीएसने मात्र तेवढी उसंत दिली नाही. गुरुवारीच, म्हणजे राजीनाम्याला आठवडा होतो न होतो तोच, कोल्बेरच्या नावाची सनद निघाली. शनिवारची बैठक तरीही रीतसर झाली, अपूर्ण कामकाज म्हणून. दंतवैद्यांनी आपणच हमी दिली होती याची आठवण करून देत तिसरी करंजी उचलली. त्याच महिनाअखेरीस फर्ग्युसननेही आपण वर्षअखेर निघणार असल्याचे सांगितले. त्याच्या करारात म्हणे गादी डावलली गेल्यास भरपाई देण्याचे एक कलम होते, आणि वृत्तपत्रांनी त्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स कलम' असे नाव दिले होते. वहिनींना कसली भरपाई मिळाली नाही.

कोल्बेरच्या सोंगाखाली माणूस निघाला, हे मान्य करायला हवे. त्याचे बिऱ्हाड स्थिर झाले आणि आम्हीही दुसऱ्या वादांकडे वळलो. अशात १७ जुलै २०२५ रोजी सीबीएसने जाहीर केले की 'द लेट शो' पुढील मे महिन्यात कायमचा बंद होईल आणि कोल्बेरच्या जागी कोणाचीही नेमणूक होणार नाही. ट्रम्प यांच्याबरोबरचा दावा वाहिनीच्या मालकांनी १ कोटी ६० लाख डॉलरला मिटवला, त्याबद्दल कोल्बेरने त्याच आठवड्याच्या आरंभी मालकांचीच पडद्यावर खरपूस हजेरी घेतली होती. कंपनीचे म्हणणे, निर्णय निव्वळ आर्थिक आहे.

"खालसा," सातारकर वकील दूरध्वनीवर म्हणाले. साताऱ्याच्या माणसाला हा शब्द शोधावा लागत नाही. "अठराशे अठ्ठेचाळीस. दत्तक नामंजूर, संस्थान कंपनीकडे."

"आमचं चोपन्न," नागपूरकर म्हणाले. "पण डलहौसीला निदान औरस वारस नाही एवढं तरी म्हणता आलं होतं. इथे वारसांची रांग लागली असती हो!"

लगोलग नागपूरकरांच्या घरी बैठक भरली आणि कंपनीला निषेधाचा अर्ज धाडण्याचे ठरून वकिलांनी मसुदाही केला: 'आम्ही खाली सह्या करणारे, या कार्यक्रमाचे नित्याचे व निष्ठावंत प्रेक्षक...' वहिनी आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी चष्मा लावून मसुदा शांतपणे वाचला आणि प्रत्येकाच्या सहीसमोर, त्याने हा कार्यक्रम शेवटचा कधी पाहिला, ती तारीख घालण्यासाठी एक रकाना पेन्सिलीने आखून दिला. सदर रकाना अर्जाच्या मूळ उद्देशाशी सुसंगत नसल्याने वगळण्यात यावा, असा ठराव दंतवैद्यांनी मांडला. नागपूरकरांनी, आयुष्यात प्रथमच, त्यांना अनुमोदन दिले.